बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूला

बिल अकरा हजार आठशेचं.
मी ते पालथं घातलं,
कारण गिरणीत हिशेबाला कोरा कागद तेवढाच;
बाकी सगळ्यावर पीठ बसलेलं.

सोलरवाला ऋषिकेश आव्हाड येऊन गेला होता.
बुटांवर पीठ पडू नये म्हणून उंबऱ्यातच उभा.
म्हणाला, ताई, दहा किलोवॅट, पाच लाख चाळीस,
बँक देते. पाच वर्षं हप्ता,
मग वीस वर्षं फुकट.
फुकट म्हणताना त्याचा आवाज जरा खाली आला,
देवळात बोलतात तसा.

मग मी मांडलं.
एका बाजूला तार:
स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क,
आणि इंधन समायोजन,
जे आजवर माझ्या बाजूने कधी समायोजलेलं नाही.
दुसऱ्या बाजूला सूर्य:
हप्ता अकरा हजार चारशे,
वर तारेचं भाडं सहाशे, कारण ती तोडता येत नाही.
माझी गिरणी खरी चालते सहा ते नऊ,
बायका कामावरून सुटल्या की डबे ओळीने लागतात,
तेव्हा वर काळोख.
आव्हाड म्हणतो, दिवसा जमा होईल, रात्री वजा.
म्हणजे सूर्यसुद्धा पासबुकावर.

बेरीज दोनदा केली.
जेलरोडला सूर्य
दोनशे रुपयांनी महाग पडतो.

हे खैरनारबाईंना सांगितलं,
त्यांची बाजरी वरून ओतता ओतता.
त्या म्हणाल्या, अगं, गंगेवर एवढी माणसं
रोज त्याला अर्घ्य देतात,
आणि वर हप्ता?

आप्पा स्टुलावर बसून ऐकत होते.
एकलहऱ्याला एकतीस वर्षं, कोळशाच्या पट्ट्यावर.
सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात.
तेव्हा दोरीवरचे कपडे आई
आधी झटकायची, मग घडी करायची.
पिंपाच्या झाकणावर सकाळी राख असायची,
मी तिच्यात बोटाने नाव लिहायचे,
आणि आई नावासकट पुसायची.
राखेला आकार नसतो.
बिलात तर नव्हताच.

आप्पा म्हणाले, रात्री दोनला
तुझा सूर्य कुठे असतो गं?
मी असायचो.
पुढे अजून काही म्हणायचं होतं,
पण खोकला आला, आणि वाक्य तिथेच राहिलं.
मी पेन्सिल धरून बसले.
हा खोकला कुठल्या बाजूला लिहायचा?
तारेच्या खाली लिहिला तर सूर्य स्वस्त होतो,
आणि त्यांची एकतीस वर्षं
नुसती खर्चात जातात.
नाही लिहिला
तर बेरीज माझी, पण खोटी.
तेवढ्यात पट्टा घसरला,
मी उठले,
बाजरी अर्धी राहिली होती.

रविवारी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले
तर फरशीवर खडूच्या रेघा.
टाकीच्या सावलीची कड:
नऊला इथे, अकराला इथे, एकला, तीनला.
प्रत्येक रेघेपाशी वेळ,
आप्पांच्या लॉगबुकातल्या अक्षरात,
आकड्यांना शेंडी काढून.
शेजारी चढतेय त्या इमारतीकडे एक बाण,
बाणापुढे प्रश्नचिन्ह.
आणि खाली कोपऱ्यात, सवयीने,
पाळी पहिली, काही तक्रार नाही,
सही.

गुडघे दुखतात म्हणून
हा माणूस दिवाळीतही वर आला नव्हता.

संध्याकाळी जेवताना म्हणाले,
टाकी दोन हात सरकवली तर सगळं बसतंय.
मी म्हटलं, आप्पा, दोनशे रुपये जास्त आहेत.
भाकरी कुस्करत म्हणाले,
टाकी सरकवायचे प्लंबर वेगळे घेईल,
तेही धर.